वायरगार्ड: १३८० बाइटांचा पिंग जातो, १३८१ चा जात नाही. चार बाइट कोण खातंय?

नमस्कार मंडळी. तीन संध्याकाळी घालवल्या, आता विचारतोच.

घरी लिनक्सचा पीसी, दूर भाड्याचा सर्व्हर, मध्ये वायरगार्ड (दोन यंत्रांमधला कूटबद्ध बोगदा, म्हणजे व्हीपीएन). एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, आपोआप लागलेला, १४२० बाइट. सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ता होता तोवर काही तक्रार नव्हती. आयपीव्ही६ वर नेल्यापासून एसएसएच (दूरच्या यंत्रावर कमांड चालवायची सोय) लागतं, छोट्या कमांड चालतात, पण लांबलचक लॉग उघडला की स्क्रीन गोठते. गंमत म्हणजे घरून फाइल चढवायला त्रास नाही, उतरवतानाच अडकते.

हिशोब असा मांडला: ब्रॉडबँड पीपीपीओई (लॉगिन करून मिळणारी जोडणी), नेहमीच्या १५०० मधले ८ तिच्या हेडरला गेले, उरले १४९२. बाहेरच्या पॅकेटवर आयपीव्ही६ च्या हेडरचे ४०, यूडीपीच्या हेडरचे ८, वायरगार्डचे हेडर आणि टॅग (पॅकेट खरं असल्याची खूण) मिळून ३२. झाले ८०. म्हणजे आत १४१२ मावायला हवेत, पिंगच्या (चाचणीच्या पॅकेटच्या) स्वतःच्या हेडरचे २८ वजा जाता १३८४. सर्व्हरवरून तुकडे न करता पिंग मारला तर १३८० लाच गाडी थांबते!

आणि जाता जाता: आयपीसेक या दुसऱ्या व्हीपीएन पद्धतीचं पॅकेटमागे ४ बाइटांच्या अनुक्रमांकात भागतं, मग वायरगार्डला ८ कशाला?

प्रतिसाद:
हिशोबात पॅडिंग राहिलं. खरी लांबी बाहेरून ताडता येऊ नये म्हणून वायरगार्ड आतलं पॅकेट १६ च्या पटीत फुगवतं. १३८० अधिक २८ म्हणजे १४०८, बरोबर १६ गुणिले ८८. एक बाइट वाढला की १४२४ व्हायचं, पण एमटीयू आडवा येतो आणि १४२० वर थांबतं. त्यात ८० मिळवा, १५०० झाले, ते १४९२ मध्ये मावत नाहीत. आयपीव्ही४ वर ६० च लागायचे, म्हणून खपून गेलं. दोन्हीकडे एमटीयू १४१२ करा, हरवलेले चारही परत मिळतील.

अनुक्रमांक आयपीसेकलाही ६४ बिटी ठेवता येतो, पण पाठवला जातो खालचा अर्धाच. वरचा समोरच्याने ओळखायचा. वायरगार्डने जास्तीचे चार बाइट मोजून ती कटकटच काढून टाकली. मला पटतं. जी.७२९ (फोनवरचा आवाज दाबून पाठवायची पद्धत) चे २० बाइटी आवाजाचे तुकडे पाठवणाऱ्याला विचाराल तर तो शिव्या घालेल, त्याला प्रत्येक तुकड्यामागे हे चार बाइट जड जातात.

सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ चे अडचणी कळवणारे निरोप) अडवलंय का हो? आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर तुकडे करत नाही, ‘पॅकेट मोठं आहे’ एवढंच आयसीएमपीव्ही६ने उलट कळवतो.

धागाकर्ता:
अडवलंय. शेजारची यंत्रं शोधण्यापुरतं ठेवून बाकीचं मीच बंद केलं होतं, सुरक्षेच्या नावाखाली. घरच्या पीसीवर तसं केलेलं नाही, म्हणून चढवताना चालत होतं तर! १४१२ टाकलं, १३८४ चा पिंग गेला, लॉगही शेवटपर्यंत उघडला. आता फायरवॉलकडे वळतो.