'४८ तास थांबा, मग रिस्टार्ट मारा': डीएनएसचा हा रामबाण काढा कोणी सांगितला?

रात्रपाळी
परवापासून एक पोस्ट फिरतेय. सल्ला दोन ओळींचा: झोन फाइलमध्ये (डोमेनमधल्या नावांचे पत्ते डीएनएसला सांगणारी फाइल) बदल केलात की ४८ तास थांबा, तरी नाही चाललं तर सर्व्हर रिस्टार्ट करा. खाली 'उपयुक्त माहिती', 'सेव्ह करून ठेवतो' वगैरे. माझं डोकं तिथेच फिरलं.

फाइलमध्ये चूक असेल तर ४८ तासांनी ती ४८ तास जुनी चूक होते, बाकी काही होत नाही. आणि रिस्टार्ट? बाइंडला, म्हणजे डीएनएस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरला, रीलोड ('फाइल पुन्हा वाच') दिला आणि झोन चुकीचा निघाला, तर तो लॉगमध्ये 'नॉट लोडेड ड्यू टू एरर्स' लिहितो आणि मेमरीतला जुना झोन निमूट देत राहतो. आता तुम्ही रिस्टार्ट मारता. मेमरी कोरी, फाइल लोड होत नाही, विचारणाऱ्याला सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही'. आधी एक रेकॉर्ड दिसत नव्हता, आता अख्खं डोमेन गेलं.

हे मी केलेलं आहे. एका नावावर आधीच एमएक्स (मेल कुठे जावी ते सांगणारा रेकॉर्ड) होता, त्याच नावावर सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड) टाकला, जे चालत नाही. रीलोड मारला, समोर 'सर्व्हर रीलोड सक्सेसफुल' आलं, मी लॅपटॉप मिटला. ते वाक्य झोनबद्दल नसतं हे तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी पॅचिंगला मशीन रीबूट झालं. तेव्हाही कोणाला काही कळलं नाही, कारण सेकंडरीकडे, म्हणजे प्रायमरीकडून झोनची प्रत घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे, जुनी प्रत होती. एसओएमधला (झोनचा मुख्य रेकॉर्ड) एक्स्पायर, म्हणजे प्रायमरी गप्प असताना ती प्रत किती वेळ चालते तो आकडा, ६०४८०० सेकंद. मोजून सात दिवसांनी सेकंडरीनेही हात वर केले. पहाटे सगळे एकमेकांना विचारतायत, काल काय बदललं? काल कोणी काहीच बदललं नव्हतं. नेम्ड-चेकझोन, म्हणजे झोन फाइल तपासणारी कमांड, चालवायला दोन सेकंद लागले असते.

हेल्पडेस्कवाला
ती पोस्ट माझी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुमच्याकडे रूट, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा, आहे. मला फोन करणाऱ्या माणसाकडे फक्त होस्टिंगचं वेब पॅनेल असतं, त्याला लॉग कुठला दाखवू? आणि ४८ तास मी हवेतून काढलेले नाहीत. डॉट कॉमच्या सर्व्हरवर डेलिगेशनच्या एनएस रेकॉर्डचा (डोमेनचे नेमसर्व्हर कोणते ते सांगणारा) टीटीएल, म्हणजे उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचं तो आकडा, १७२८०० सेकंद असतो. भागा ३६०० ने.

रात्रपाळी
भागलं. ४८ आले, अभिनंदन. पण ते नेमसर्व्हर बदलले तर. झोनमधल्या ए रेकॉर्डला (नावाचा आयपी पत्ता) त्याचा स्वतःचा टीटीएल असतो आणि तो तुम्हीच लिहिलेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शेवटचा_टिंब
मूळ दुखणं राहिलंच. नावाच्या शेवटचा डॉट! एमएक्सच्या पुढे मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम लिहिलं आणि शेवटचा डॉट विसरलात, की ते मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम होतं. मेल गायब. डिग (डीएनएसला विचारायची कमांड) मारून उत्तर पाहिलं तरी नजर पहिल्या अर्ध्यावरच थांबते, कारण तो अर्धा बरोबर असतो.

याला पॅनेलं जबाबदार आहेत. एक पॅनेल गुपचूप मूळ नाव जोडतं, दुसरं डॉट मागतं, तिसरं डॉट दिला तर 'इनव्हॅलिड' म्हणतं. तिथे शिकलेली मंडळी फाइलला हात लावतात आणि मग रात्री आम्हाला फोन.

यामल_भक्त
कोणत्या काळात राहता मंडळी? झोन फाइल हाताने कोण लिहितं अजून? गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा, पाइपलाइनमध्ये (आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) चेकझोन लावा, फाइल स्क्रिप्टने तयार करा. माणूस मधून काढला की चूक गेली.

शेवटचा_टिंब
१२ ऑक्टोबर २००९. स्वीडनचा अख्खा डॉट एसई झोन. शेवटचा डॉट गाळला, सगळ्या नावांपुढे आणखी एक एसई चिकटला, नऊ लाखांच्या आसपास डोमेनं आडवी. कोणी गाळला माहितीय? स्क्रिप्टने.

हेल्पडेस्कवाला
आणि दुरुस्त झोन टाकल्यावर लोकांनी काय केलं? कॅशमधली चुकीची उत्तरं जाईपर्यंत वाट पाहिली. म्हणजे... थांबले! 🙂

रात्रपाळी
आधी दुरुस्त केलं, मग थांबले. हा क्रम तुमच्या पोस्टीत कुठाय?

अर्धविराम
एवढे सगळे भांडताय आणि सिरियलचं, म्हणजे एसओएमधल्या ज्या आकड्यावरून सेकंडरी नवी प्रत ओळखते त्याचं, कोणी नाव काढत नाही? फाइल निर्दोष, चेकझोन 'ओके' म्हणतंय, प्रायमरी नवं उत्तर देतेय, सेकंडरी जुनं. कारण सिरियल वाढवायला विसरलात. पहिली तपासणी हीच: दोन्ही सर्व्हरना एसओए विचारा, आकडे शेजारी ठेवा. म्हणून मी तारखेचा सिरियल वापरते. वर्ष, महिना, दिवस आणि दोन आकडे. १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्येही (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) हेच सुचवलंय.

यामल_भक्त
दिवसात १०० वा बदल आला की काय करता? युनिक्स टाइम (१९७० पासूनचे सेकंद) टाका, विषय संपतो.

अर्धविराम
दिवसात १०० बदल करावे लागत असतील तर दुखणं सिरियलचं नाही. आणि युनिक्स टाइम सध्या १७० कोटींच्या घरात आहे, तारखेचा सिरियल २०० कोटींच्या वर. चालू झोन तुमच्या पद्धतीवर आणायचा तर आकडा खाली उतरवावा लागेल, आणि सेकंडरी खालचा आकडा घेत नाही. संपला विषय?

यामल_भक्त
बाइंडला पद्धत सांगितली की तो स्वतः पाहतो. आधीचा आकडा मोठा असेल तर नुसता एकने वाढवतो. जरा वाचत जा.

अर्धविराम
म्हणजे तुमच्या झोनमध्ये ना तारीख, ना वेळ, नुसता मोजणीचा आकडा. आणि त्याला नाव युनिक्स टाइम. वाचलं, धन्यवाद.

शेवटचा_टिंब
सिरियलवरून आठवलं. आमच्याकडे एकाने २०२४ च्या जागी २०४२ टाइप केलं. सिरियल २०४२०३११०१. सेकंडरीने आनंदाने उचलला. नंतर चूक दिसली म्हणून त्याने २०२४०३११०२ केला. सेकंडरीच्या मते हा जुना, घेईचना. अर्धं जग नवा पत्ता बघतंय, अर्धं जुना, आणि आम्ही फायरवॉलमध्ये शोधतोय. दोन दिवस!

रात्रपाळी
सोडवलं कसं?

शेवटचा_टिंब
नाही सोडवलं. २०४२ वरूनच पुढे एकेक वाढवत गेलो. अजून तोच आहे.

अर्धविराम
अरे देवा. सिरियल ३२ बिटांचा आणि वर्तुळात फिरणारा असतो, सरळ रेषेत नाही. चालू आकड्यात २१४७४८३६४७ मिळवा. तुमच्या उदाहरणात ४१८९५१४७४८ येतो, तो टाका. सगळ्या सेकंडरींनी उचलला याची खात्री करा, एकही सुटता कामा नये. मग २०२४०३११०२ टाका. वर्तुळावर तो आता पुढचा ठरतो. आरएफसी १९८२, हेही १९९६ चंच.

यामल_भक्त
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सेकंडरीवर आरएनडीसी रीट्रान्सफर मारा. सिरियल न बघता अख्खा झोन ओढून घेतो. एक कमांड.

अर्धविराम
सेकंडरी दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर कमांड कुठे मारणार, त्याच्या दारात जाऊन?

यामल_भक्त
बरं बाई, तुमचं वर्तुळ गोल.

अर्धविराम
'बाई' कशासाठी होतं ते कळेल का? तुम्हाला इथे कोणी 'बुवा' म्हटलेलं नाही.

यामल_भक्त
सहज लिहिलं होतं. मागे घेतो. युनिक्स टाइम मागे घेत नाही.

काठावरचा
मी शिकाऊ आहे, रागावू नका. मला एकाने चॅटवर रेकॉर्ड पाठवला, मी तो शेवटी चिकटवला. चेकझोन ओके म्हणालं, सिरियलही वाढवला. तरी 'शॉप' नाव सापडत नाही आणि 'एफटीपी'ला दोन पत्ते येतात. फाइलमध्ये वरची ओळ एफटीपीची आहे. माझी ओळ अशी: सुरुवातीला रिकामी जागा, मग आयएन, ए आणि पत्ता.

रात्रपाळी
मग 'शॉप' लिहिलंय कुठे?

काठावरचा
वरच्या ओळीत. कॉमेंटमध्ये. ; शॉपसाठी, असं.

रात्रपाळी
ओळ रिकाम्या जागेने सुरू झाली की ती आधीच्या नावाला लागते. मधली कॉमेंट तो मोजतच नाही. तुझा शॉपचा पत्ता एफटीपीच्या गळ्यात पडलाय. ओळीच्या अगदी सुरुवातीला शॉप लिही, सिरियल वाढव. चेकझोनच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती, म्हणून ते ओके म्हणालं.

हेल्पडेस्कवाला
म्हणजे 'दोन सेकंदांचं चेकझोन' सगळं पकडत नाही तर. नोंद घेतली.

रात्रपाळी
घ्या. पकडत नाही. पण रिस्टार्टनेही हे सुटलं नसतं.

काठावरचा
लिहिलं, वाढवला, रीलोड केला. सर्व्हरला थेट विचारलं तर उत्तर येतंय. पण माझ्या मशीनवर अजून 'असं नाव नाही' म्हणतोय?

अर्धविराम
नाव नसताना तू ते दहादा विचारलंस ना? 'नाही' हे उत्तरही कॅशमध्ये बसतं. किती वेळ, ते एसओएच्या शेवटच्या आकड्यावर. किती लिहिलाय?

काठावरचा
८६४००.

हेल्पडेस्कवाला
मग काय मंडळी, काय सांगायचं याला? कोणीतरी बोला.

रात्रपाळी
...थांब बाबा. २४ तास. नाहीतर ज्या रिझॉल्व्हरला (तुझ्यासाठी उत्तरं शोधून आणणारा सर्व्हर) विचारतोस त्याची कॅश रिकामी करून घे.

हेल्पडेस्कवाला
आभारी आहे. पोस्टीत ४८ तास फक्त नेमसर्व्हर बदलापुरते ठेवलेत आणि रिस्टार्टची ओळ काढलीय. ती ओळ मला एका वरिष्ठाने शिकवली होती, आणि त्यांना कोणी ते मला माहीत नाही.

शेवटचा_टिंब
४१८९५१४७४८ टाकला. चारपैकी तीन सेकंडरींनी उचलला. चौथी कोणाची आहे हे आमच्या इथे कोणालाच आठवत नाही.