झिजणारं नॉझल की नळ्यांचं? मोठ्या इंजिनांबद्दल माझं मत

धूमकेतू (धागाकर्ते)
मोठ्या द्रव-इंधन रॉकेट इंजिनांची चर्चा निघाली की रिजनरेटिव्ह कूलिंग हाच एक खरा मार्ग असं सगळे धरून चालतात. म्हणजे इंधन जाळण्याआधी ते इंजिनाच्या भिंतीतल्या बारीक नळ्यांतून फिरवायचं आणि भिंत थंड ठेवायची. मला हे पटत नाही. जे इंजिन एकदाच उडून समुद्रात पडणार, त्याच्या नॉझलला, म्हणजे ज्वाळा बाहेर सोडणाऱ्या घंटेसारख्या भागाला, आतून अ‍ॅब्लेटिव्ह अस्तर द्यावं. ते जळत झिजत जातं आणि उष्णता बरोबर घेऊन जातं. अमेरिकेच्या डेल्टा-४ रॉकेटचं आरएस-६८ इंजिन असंच होतं. रेटा (थ्रस्ट) जवळजवळ ३०० टन, सुटे भाग स्पेस शटलच्या इंजिनापेक्षा सुमारे ८० टक्के कमी. २००२ पासून २०२४ पर्यंत ते उडत राहिलं.

नळ्यांनी काय होतं तेही बघा. ११ डिसेंबर २००२ ला एरियन-५ च्या नव्या व्हल्कन-२ इंजिनात नॉझलच्या कूलिंग नळ्यांना तडे गेले, नॉझल वाकलं आणि दोन उपग्रहांसकट रॉकेट गेलं.

लेथवाला
सहमत नाही. आरएस-६८ ची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. अस्तर फक्त नॉझलला होतं, ज्वलनकक्ष (चेंबर) इंधनाचा हायड्रोजनच नळ्यांतून थंड ठेवत होता. आणि नासाने एरीस-५ या नियोजित रॉकेटसाठी हेच इंजिन घ्यायचं ठरवलं तेव्हा काय झालं? पाच-सहा इंजिनं शेजारीशेजारी, कडेला दोन सॉलिड बूस्टर (घन इंधनाची जोड-रॉकेटं). आग आतूनही आणि बाहेरूनही. अस्तर तग धरेल का, हाच प्रश्न उभा राहिला. शेवटी नासाच्या पुढच्या एसएलएस रॉकेटला शटलचीच आरएस-२५ लावली.

धूमकेतू
आरएस-२५ तयार पडून होती, हेही कारण होतंच की. आणि डेल्टा-४ हेवीत तीन आरएस-६८ एकत्र उडाली आहेत.

सांजवारा
आपलं विकास इंजिन कुणी काढलंच नाही! फ्रेंच वायकिंगवरून आलेलं, रेटा साधारण ८० टन. त्यात नळ्या नाहीत. चेंबरच्या भिंतीलगत इंधनाचाच पातळ पडदा सोडतात, फिल्म कूलिंग. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा त्याच्यावर चालतो. चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ मध्येही अशी दोन होती. साध्या पद्धतीला कमी लेखू नका, एवढंच.

लेथवाला
विकासबद्दल मलाही अभिमान आहे. पण त्याच्या चेंबरमधला दाब साठेक बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साठेक पट. इस्रोचं नवं सेमी-क्रायो (केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवरचं) इंजिन २०० टन रेट्याचं आहे, दाब १८० बार. मार्च २०२५ मध्ये महेंद्रगिरीला त्याच्या पॉवर हेडची, म्हणजे चेंबर सोडून बाकी इंजिनाची, गरम चाचणी झाली. भिंतीला बसणारा उष्मा दाबाच्या ०.८ घाताच्या प्रमाणात वाढतो. दाब तिप्पट, तर उष्मा जवळजवळ अडीच पट. तिथे अस्तर लावलं तर घसा, म्हणजे नॉझलची सगळ्यात अरुंद जागा, झिजून रुंद होईल आणि चेंबरचा दाबच उतरेल. पडदा जाड केला तर तेवढं इंधन नीट जळत नाही, म्हणजे रेट्यातच घट.

शिवाय इंजिन मोठं झालं की नळ्यांचं काम सोपं होतं. इंधनाचा प्रवाह व्यासाच्या वर्गाने वाढतो, चेंबरची भिंत तेवढी वाढत नाही. दर चौरस सेंटीमीटरला जास्त इंधन मिळतं. मोठ्या इंजिनात अस्तर वापरणं म्हणजे हातातली ही सोय सोडून देणं आहे.

धूमकेतू
हा प्रवाहाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. चेंबर आणि घसा इथे मी माघार घेतो. नॉझलच्या खालच्या भागाबाबत नाही. सॅटर्न-५ च्या एफ-१ चे फोटो बघा: नॉझलच्या तोंडाशी आधी काळसर पट्टा दिसतो, लखलखीत ज्वाळा त्याच्या खाली. टर्बाइनमधून निघालेला, मानाने थंड असा वायू खालच्या भागाच्या आतून सोडायचे, त्याचा तो पट्टा. तिथे नळ्या नेल्याच नाहीत, आणि तरी अपोलो चंद्रावर गेलं.

सांजवारा
नळ्यांचा एक तोटा राहिलाच. स्पेसएक्सच्या फाल्कन-१ रॉकेटच्या पहिल्या दोन उड्डाणांत त्याच्या मर्लिन इंजिनाला अ‍ॅब्लेटिव्ह अस्तर होतं. ऑगस्ट २००८ च्या तिसऱ्या उड्डाणात नळ्या आल्या. इंजिन बंद केल्यावर नळ्यांत उरलेल्या इंधनाने किंचित रेटा दिला, आणि सुटलेला पहिला टप्पा दुसऱ्यावर आपटला. जमिनीवरच्या चाचणीत हवेच्या दाबामुळे तो रेटा दिसलाच नव्हता.

लेथवाला
हो, आणि दुरुस्ती काय केली? टप्पे सुटण्याआधी काही सेकंद जास्त थांबले. त्याच इंजिनाने २८ सप्टेंबर २००८ ला, दोन महिन्यांच्या आत, फाल्कन-१ कक्षेत पोचवलं. झिजलेल्या घशाला असा उपाय सांगा, मग बोलू.