मदत हवी आहे: गगनबावड्याहून सायकलने उतरायचे कोणत्या घाटाने, करूळ की भुईबावडा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कुडाळ-मालवण भागातले पाच मित्र, सगळे चाळिशी ओलांडलेले, नाताळच्या सुट्टीत चार दिवस सायकलने घाट करणार आहोत. सावंतवाडीहून आंबोली चढायचे, आजरा, गारगोटी, राधानगरी करत दाजीपूरला यायचे, फोंडा घाटाने कणकवलीत उतरायचे आणि शेवटच्या दिवशी गगनबावड्याला चढून पुन्हा कोकणात यायचे, असा बेत आहे. चढाची धास्ती आता उरलेली नाही. दम लागला की दरी बघण्याच्या निमित्ताने थांबण्यात आमच्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. अडचण उताराची आहे.

गेल्या वर्षी फोंडा घाट उतरताना एका मित्राने, कॅरिअरवर नऊ किलोंचे ओझे असताना, दोन्ही ब्रेक जवळजवळ सतत दाबून धरले. जळक्या रबराचा वास मागून येणाऱ्या मलाही येत होता, पण ओरडून सांगेपर्यंत एका वळणावर त्याची पुढची ट्यूब फटाक्यासारखी फुटली. वेग कमी होता म्हणून कोपर सोलवटण्यावर भागले. चाक काढायला गेलो तर रिम इतकी तापलेली होती की माझ्या बोटाला फोड आला आणि रिमच्या कडेला झिजलेल्या रबराचा काळा लगदा चिकटला होता. रिम ब्रेकमध्ये घर्षणाची उष्णता रिममधून ट्यूबपर्यंत पोहोचते आणि आतल्या हवेचा दाब वाढतो, हे त्या दिवशी हातानेच कळले. पाचांपैकी तीन सायकली अजूनही रिम ब्रेकच्याच आहेत.

गगनबावड्याहून खाली यायला दोन घाट आहेत. खारेपाटणकडून भुईबावडा चढून करूळने वैभववाडीत उतरावे, असे माझे मत आहे, कारण भुईबावड्याचा रस्ता अरुंद आणि वळणांचा असल्याने तिथे उतरताना ब्रेकवरचा हात निघणार नाही. शिवाय करूळने उतरल्यास वैभववाडीचे रेल्वे स्थानक जवळ पडते. बाकीच्यांचे म्हणणे उलट आहे: करूळला अवजड वाहने पाठीशी लागतात, त्यापेक्षा भुईबावडा सावकाश उतरलेला बरा. २०२४ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद झाला, तेव्हापासून आमच्यापैकी कोणीही तिकडे गेलेले नाही. नव्या रस्त्यावरून सायकलने उतरलेल्या कोणी वळणांवरची खडी, कठडे आणि थांबण्यापुरती कडेची जागा यांविषयी सविस्तर लिहिल्यास वाद मिटेल.

ब्रेक क्षणभर दाबून सोडणे आणि मध्येमध्ये थांबून रिम निवू देणे एवढे आम्ही ठरवले आहे. तेवढे पुरते का, की सामान तीन रिम ब्रेकवाल्यांकडून काढून डिस्क ब्रेकच्या दोन सायकलींवर लादावे? दाजीपूरला गव्यांचा वावर असल्याने तिथून उजाडल्यावरच निघणार आहोत. मात्र डिसेंबरात सकाळी दवाने रस्ता ओला असल्यास रिम ब्रेक कितपत धरतात, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.