पाईक माशासाठी चणकाचे ल्युअर चालतील का?

मांडवीकाठ:
नमस्कार. चतुर्थी आटोपल्यावर, सप्टेंबरअखेरीस मी स्वीडनला थोरल्या भावाकडे जाणार आहे. त्याचे घर मेलारेन सरोवराजवळ आहे. येथे मी खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी, ओहोटीच्या पाण्यावर चणक (जिताडा) गरवतो. तोच रॉड आणि तेच ल्युअर (कृत्रिम आमिषे) तिथल्या पाईक या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी पुरतील का? शिवाय, जिथे भरती-ओहोटीच नाही, अशा पाण्यात मासा शोधावा तरी कुठे?

शापोराकाठ:
रॉड, रीळ आणि ब्रेडेड लाईन (विणलेली दोरी) खुशाल न्या. बदलायचा आहे तो लीडर, म्हणजे दोरी आणि ल्युअर यांच्यामधला तुकडा. चणकाचे दात कानशीसारखे बारीक असतात आणि खरी धार कल्ल्यांच्या झाकणाला असते, त्यामुळे आपल्याकडे जाड फ्लुरोकार्बन दोरीवर भागते. पाईकचे दात मात्र दोरी सहज कापतात आणि मग ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) घशात घेऊन मासा निघून जातो, म्हणून निदान फूटभर स्टीलची तार हवीच.

जागेबद्दल सांगायचे तर, मानशीच्या तोंडाशी प्रवाहच खाद्य आणून देतो म्हणून चणक तिथे टपून असतो. सरोवरात पुष्कळदा हे काम वारा करतो. काही काळ एकाच दिशेने वाहणारा वारा ज्या किनाऱ्यावर आदळतो, तिकडे छोटी मासळी जमण्याचा संभव अधिक, आणि त्या किनाऱ्याला बोरूचे बेट किंवा पाणवनस्पतींचा पट्टा असून त्याच्या बाहेर तळ एकदम खोल होत असेल, तर पहिला ल्युअर त्या कडेला समांतर टाकावा. वनस्पतींच्या आडोशाने निश्चल राहून झडप घालणे हा पाईकचा स्वभावच आहे. ल्युअर ओढताना मध्येच थांबवा, कारण कित्येकदा दंश त्या विरामातच होतो. मासा नुसताच होडीपर्यंत मागे आला, तर ल्युअर उचलू नका. रॉडचे टोक पाण्यात घालून मोठा इंग्रजी आठ काढत राहा.

खाजनवाला:
ल्युअरबाबत माझे मत सांगतो. शरद ऋतूत तुटलेल्या वनस्पती पाण्यावर तरंगतात आणि दोन ट्रेबल लावलेला हार्ड ल्युअर प्रत्येक वेळी पाला घेऊनच परततो, तेव्हा झाकलेल्या एकेरी गळावरचा रबरी मासा आणि एखादा जड स्पून (चमच्याच्या आकाराचा धातूचा ल्युअर) आधी बॅगेत घालावा. लांब पक्कड आणि तार कापण्याची कात्री विसरू नका. पाईकला जबड्याने टांगून फोटो काढू नये. पोटाखाली हात देऊन आडवा धरावा आणि लगेच सोडावा.

मांडवीकाठ:
आभारी आहे. परवाना लागेल का?

शापोराकाठ:
मेलारेन हे स्वीडनच्या पाच मोठ्या सरोवरांपैकी एक असून तिथे हातातल्या रॉडने मासेमारी विनापरवाना करता येते. आसपासच्या लहान तळ्यांसाठी मात्र त्या त्या पाण्याचे मासेमारी-कार्ड विकत घ्यावे लागते. मासा घरी न्यायचा असल्यास त्या भागातील आकाराचे नियम भावाला आधी पाहून ठेवायला सांगा.