मदत हवी आहे : सॉफ्टवेअरचे स्थापना शुल्क एकाच आर्थिक वर्षात उत्पन्न दाखवावे की सेवेच्या वर्षभरात विभागावे?

नमस्कार.

मी इंदूरमधील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे हिशेब पाहतो. दवा बाजारातील घाऊक औषध विक्रेत्यांना साठा, मुदत संपत आलेला माल आणि बिले सांभाळणारी प्रणाली आम्ही पुरवतो. ती आमच्याच सर्व्हरवर चालते आणि ग्राहकाला फक्त वापराचा हक्क मिळतो. कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध नाही आणि तिचे नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) 250 कोटींच्या आसपासही नाही. त्यामुळे उत्पन्न केव्हा दाखवावे हे ठरवणाऱ्या दोन लेखामानकांपैकी मोठ्या कंपन्यांसाठीचे इंड एएस 115 आम्हाला लागू नसून जुने एएस 9 लागू आहे, इथपर्यंत कोणाचाच वाद नाही.

1 जानेवारी 2026 रोजी एका ग्राहकाला वर्षभराच्या वापराचे 1,20,000 रुपये आणि स्थापना शुल्काचे 60,000 रुपये असे एकत्र बिल दिले, आणि 18 टक्के जीएसटीसह 2,12,400 रुपये लगेच मिळाले. यातील 32,400 रुपये सरकारचे असल्याने ते उत्पन्नात येत नाहीत. वापर शुल्कापैकी मार्चअखेर तीन महिन्यांचे 30,000 उत्पन्न आणि उरलेले 90,000 देणे, हेही सरळ आहे (दिवसांवरून काढल्यास 29,589 येतात, पण आम्ही महिन्यांवरूनच काढतो). जीएसटी विवरणात पूर्ण 1,80,000 दिसतात आणि पुस्तकांत कमी, म्हणून दरवर्षी ताळमेळाचा तक्ता करावा लागतो. तेवढी सवय आता झाली आहे.

खरी अडचण स्थापना शुल्काची आहे. त्यात ग्राहकाचा जुना साठा आणि उधारीच्या नोंदी आमच्या प्रणालीत आणणे व दुकानातील माणसांना दोन दिवस शिकवणे, अशी दोन कामे येतात. ही कामे जानेवारीतच संपली आणि करारानुसार हे शुल्क परत करावे लागत नाही, म्हणून पूर्ण 60,000 याच वर्षी दाखवावेत, असे आमच्या संचालकांचे म्हणणे आहे. यंत्राची उभारणी विक्रीला केवळ आनुषंगिक नसेल, तर यंत्र बसवून ग्राहकाने स्वीकारल्यावर तिचे शुल्क उत्पन्न धरावे, हे एएस 9 च्या परिशिष्टातील उदाहरण ते पुढे करतात. आमच्या लेखापरीक्षकांचा याला विरोध आहे. आमची प्रणाली न घेता केवळ नोंदी आणण्याचे काम कोणी विकत घेईल काय, असे ते विचारतात. मला त्यांचे पटते, पण एएस 9 मध्ये त्याला नेमका आधार कुठे सापडतो, ते कळत नाही. शिवाय शिकवण्याचे काम आम्ही जुन्या ग्राहकांना दिवसाला 8,000 रुपये घेऊन वेगळेही करतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपल्या शेवटच्या वाक्याआधीच्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. जे काम आपण वेगळे विकता, त्याचे दोन दिवसांचे 16,000 रुपये शिकवणे पूर्ण होताच उत्पन्नात घेण्यास माझ्या मते हरकत नसावी.

नोंदी आणण्याच्या उरलेल्या 44,000 रुपयांबाबत मात्र संचालकांचे उदाहरण लागू पडत नाही. त्यात ग्राहकाच्या मालकीचे यंत्र त्याच्या जागेत बसते आणि पुढे विक्रेत्याशी संबंध राहिला नाही तरी चालत राहते. आपल्याकडे आणलेल्या नोंदींचा उपयोग वापराचा हक्क असेतोवरच आहे, म्हणजे ते काम वर्षभराच्या सेवेला आनुषंगिकच ठरते. त्याच परिशिष्टातील सभासद शुल्काचा परिच्छेद वाचावा : शुल्कामुळे वर्षभर सेवा मिळणार असतील, तर ते सेवांचा काळ व स्वरूप पाहून पद्धतशीरपणे विभागावे, असे तेथे सांगितले आहे. तेथेच वेगळी वार्षिक वर्गणी असल्यास शुल्क मिळताच दाखवण्याची मुभाही आहे आणि संचालक ती दाखवतील. पण ती निव्वळ सभासदत्वासाठी आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. शुल्क परत करावे लागत नाही, एवढ्याने ते कमावले गेले असे होत नाही.

या हिशेबाने मार्चअखेर उत्पन्न शिकवण्याचे 16,000 अधिक 44,000 पैकी तीन महिन्यांचे 11,000 अधिक वापराचे 30,000, म्हणजे 57,000 रुपये येईल, आणि 1,23,000 रुपये आगाऊ मिळालेले उत्पन्न म्हणून चालू देण्यांत जातील. मागील वर्षांत स्थापना शुल्क एकदम दाखवले असेल, तर हा लेखाधोरणातील बदल आहे की जुन्या चुकीची दुरुस्ती, हे लेखापरीक्षकांशी आधी ठरवून घ्यावे, कारण अशा बदल-दुरुस्त्यांच्या एएस 5 या लेखामानकात दोन्हींसाठी खुलासे निराळे आहेत.