उन्हाळी शिबिर: पाचगणीही पाहा
'आध्यात्मिक शिबिर म्हणजे कुठल्यातरी एका पंथाचंच' असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं वाटत असेल तर पाचगणीचं एशिया प्लॅटो हे शिबिर केंद्र पाहा. राजमोहन गांधी (बापूंचे नातू) आणि सहकाऱ्यांनी उभारलेलं हे केंद्र १९६८ पासून चालू आहे. तरुणांची, कुटुंबांची शिबिरं होतात. कुठल्याही धर्माचे, अगदी देव न मानणारेही चालतात. सकाळी वही घेऊन गप्प बसायचं आणि आतला आवाज काय सांगतो ते लिहायचं. प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थीपणा, प्रेम या चार कसोट्या स्वतःला लावायच्या, शेजाऱ्याला नाही! आपल्याकडे उलटंच चालतं. स्वतःला असं तपासणं मुलांपेक्षा आईबापांनाच जड जाईल, असं मला वाटतं. मे असला तरी स्वेटर न्या, रात्री गारवा असतो.