मदत हवी आहे : एका घरातल्या चार वाचकांसाठी पुस्तकं

नमस्कार मंडळी. दिवाळीला गावी जातोय, यंदा मिठाईच्या बॉक्सऐवजी पुस्तकं न्यायचं ठरवलंय. बजेट २००० रुपये, वाचक चार, आणि एकाची आवड दुसऱ्याला चालत नाही.

खरी अडचण आईची. वय ७४, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण वाचायचा उत्साह दांडगा. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तिने इतक्यांदा वाचलीय की शिवण उसवलीय. पानं रबरबँड लावून ठेवते. तसंच साधं, गावाकडचं, पण टाइप मोठा असलेलं काही आहे का? जाड ठोकळा नको. झोपून वाचते, हात भरून येतो.

पुतण्या ११ वर्षांचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपवला, बालभारतीचं 'किशोर' घरी येतं. आता 'विज्ञानातलं हवं, पण शाळेसारखं नको' अशी साहेबांची फर्माईश. वहिनीला नारायण धारपांच्या भयकथा जवळपास पाठ आहेत. नव्यांपैकी कोण चांगलं लिहितं? बाबांना आत्मचरित्र, राजकारणी सोडून कुणाचंही.

स्वतः वाचलेलं असेल तरच सुचवा प्लीज. गेल्या वेळी मी मुखपृष्ठ बघून घेतलेलं अजून माळ्यावर पडलंय.